थेंबाची चाल

मत्रहच्या बाजारात माझं दुकान.
दुपारची झोप झाली की चारला दार उघडते.
डावीकडे फवारे, उंच बाटल्या, सोनेरी टोपणं.
उजवीकडे अत्तरं, तोळ्यावर विकायची.
मधे मी, रय्या,
दोन वर्षांपूर्वीच्या तापात नाक गमावलेली.
हे कुणाला ठाऊक नाही. नवऱ्यालासुद्धा.

गिऱ्हाईक विचारतं, कुठलं घेऊ?
मी पाठ केलेलं सांगते:
फवारा माणसाच्या आधी खोलीत शिरतो
आणि कॉफी येईस्तोवर उठून जातो.
अत्तर मागे रेंगाळतं, मिठी मारणाऱ्यालाच कळतं,
पण पांढऱ्या दिशदाशावर डाग पाडतं हं,
गळ्याशी लोंबणाऱ्या गोंड्यालाच लावा.
मग त्यांच्या तोंडाकडे बघते.
भुवया सैलावल्या की समजावं, हीच बाटली.
गेल्या ईदला अशानंच गल्ला दुप्पट झाला.

मनगटाला मात्र अजून कळतं:
फवारा म्हणजे क्षणभर गार, की संपलं.
तेल बसून राहतं,
चपला काढून आलेल्या पाहुण्यासारखं.

काल खलफान आला, टँकरवरचा,
सात महिन्यांनी किनाऱ्याला लागलेला.
खिशातून रिकामी कुपी काढली, नखाएवढी.
"बायकोची. हेच हवंय. नाव पुसलं गेलंय."
कुपी नाकाशी नेली, सवयीनं.
डोळे मिटले, तेही सवयीनं.
मग ती तिरकी धरली.
तळाचा उरलासुरला थेंब काचेवरून निघाला
इतका सावकाश
की बाहेर अख्खी बांग होऊन गेली.
ऊद. जुना. इथवर जमलं.
पण त्या चालीची माझ्याकडे चार अत्तरं.

एखादं उचलून द्यायचं, झालं.
रंग तोच, दाम तोच,
खाऱ्या वाऱ्यातल्या माणसाला काय उमगणार?
त्याचे हात बघितले. नखांत डिझेल,
आणि कुपी धरलेली पाखराच्या अंड्यासारखी.

"मला वास येत नाही," मी म्हणाले.

तो हसला नाही. स्टूल ओढून बसला.
"मग मी हुंगतो. तुम्ही माझं तोंड बघा."

पहिलं नव्हे.
दुसऱ्याला मान हलवली, नुसतीच.
तिसऱ्याला थांबला. पाणी मागितलं,
प्यायला नाही, पुन्हा हुंगलं,
आणि चौथं न उघडताच
पैसे मोजायला लागला.

तोळा भरताना बोटाला लागलं. पुसलं नाही.
रात्री घरी गेले
आणि ताटावर बसलेल्या नवऱ्यापुढे
हात धरला:
सांग बरं, कसला वास येतोय?