मापाची वही

तुळशीची लग्नं उरकली, की बोर्लीच्या माझ्या दुकानात
बारा पोरं माप द्यायला येतात.
वही एकच. डाव्या पानांवर ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश.
उजवी पानं जय सागर क्रीडा मंडळाची.
छाती, उंची, खांदा.
कोणाचा दंड वर्षात दीड इंच भरला
ते पोराच्या आईआधी मला कळतं.

मी स्वतः एकही चढाई केलेली नाही.
दमा आहे, सातवीपासून.
एका दमात समोरच्या अंगणात जाऊन परत यायचं,
आणि मला खाडीपुलाचा चढ दोनदा थांबून चढावा लागतो.
म्हणून बघतो.

यंदा मरून कापड घेतलं, अलिबागहून,
मीटरमागे चार रुपये कमी पडले.
नागावच्या पहिल्याच सामन्यात घामानं रंग सुटला.
एका गुणानं हरलो.
परतताना मासळीच्या टेम्पोत कोणी बोललं नाही.
बर्फाच्या रिकाम्या खोक्यांवर बसून
जो तो आपली लाल झालेली मान पुसत होता
आणि मी बाहेर बघत होतो, जिथे काही दिसत नव्हतं.

पोयनाडला दोन फेऱ्या काढल्या.
रेवदंड्याला बरोबरी, मग पाच-पाच चढाया,
शेवटच्या चढाईत कल्पेश डोयलेनं दोन गडी मारले
आणि मी, त्रेपन्न वर्षांचा माणूस,
कोणा अनोळखी माणसाच्या पाठीवर चढलो.
पंप खिशातच राहिला.
बायको म्हणाली, स्वतःच्या लग्नात इतके हसला नव्हतात.

हशा वाघे आमचा डावा कोपरा. डोंगराकडच्या वाडीवरचा.
तीन वर्षांपूर्वी माप द्यायला आला तो पायरीखालीच उभा राहिला
आणि मी टेप घेऊन बाहेर गेलो.
आत ये म्हणायचं सुचलं नाही.
आता तो सरळ आत येतो, स्टूल ओढतो, पंखा वाढवतो.
मी त्याबद्दल बोलत नाही, तोही नाही.

जानेवारीत कल्पेश रोह्याच्या कंपनीच्या संघात गेला.
पगार, वर मोटारसायकल.
त्याच मोटारसायकलवर दुकानात आला,
हातात निळा शर्ट, तयार, ढगळ.
"मामा, माप तुझ्याकडंच आहे."
मी उजवं पान काढलं. छाती अडतीस.
दोन्ही बाजूंनी टीप मारून दिली.
यंत्र नेहमीसारखंच चाललं.

शिमग्याआधी आमच्याच मैदानात रोहा आलं.
शेताचं भात काढून, ढेकळं फोडून, रोलर फिरवून
पोरांनी आठ दिवस जमीन चोपली होती.
उत्तरार्धात कल्पेश चढाईला आला, बोनससाठी पाय टाकला,
हशानं घोटा धरला.
सगळे तुटून पडले, शर्ट बगलेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटला
आणि धुळीच्या त्या ढिगातून
मध्यरेषेपर्यंत फक्त त्याचा हात येऊन थांबला,
वीतभर अलीकडे.

त्यानंतरही चार गुणांनी हरलो, ते वेगळं.
त्या रात्री मला सात जणांनी चहा पाजला.
"मामा, मुद्दाम कच्ची टीप मारलीस ना?"
मी बशी फुंकत राहिलो.
नाही म्हटलं नाही.

आता मैदानात राब भाजलाय.
काळ्या राखेत फक्कीची एक रेघ अजून दिसते,
बोनसची असावी.
कल्पेश फाटका शर्ट घेऊन आला, हशाचं कसं चाललंय विचारलं.
मी शर्ट उलटा केला, उजेडाला धरला.
माझी टीप शाबूत होती, टाक्याला टाका.
फाटलं होतं कंपनीचं कापड.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.
शिलाईचे वीस रुपये घेतले
आणि जय सागरच्या वर्गणीच्या डब्यात टाकले,
त्याच्यासमोरच.