अर्धं स्टिकर

हडंब्याच्या तोंडावर पत्र्याचा एक टोप असतो,
हातभर लांब.
तो मी कापला.

सावळी फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान,
शेजारी पंक्चरवाला, समोर पानठेला.
मोरेश्वर भोयर ट्रॅक्टरसकट दारात उभे.
सोयाबीन ओली, आभाळ भरलेलं.
"पेंढी अडकते बाप्पा. या टोपाचं कामच काय? काप."
गॅस पेटवला. दोनशे रुपये.
दहा मिनिटं लागली.
तोंड मोकळं झालं, पेंढ्या भराभर आत जाऊ लागल्या,
मलाही बरं वाटलं,
खोटं कशाला सांगू.

अकराव्या दिवशी शालिक कुमरेचा उजवा हात
पेंढीमागे गेला. मनगटापर्यंत.

मग आठ दिवस पानठेल्यावर निवाडा.
"खर्रा होता तोंडात, ध्यान कुठी राह्यते?"
"तीन रात्री झोपला नोता म्हणते."
"त झोपाले कोणं मना केलं होतं?"
"मशीन आपलं काम करते गा,
आपला हात आपण सांभाळा लागते."
भोयर यवतमाळच्या दवाखान्यात वीस हजार देऊन आले
आणि आल्यावर तेही हेच म्हणाले,
आवाज थोडा खाली करून.

खोटं कुणीच बोलत नव्हतं.
ध्यान हवंच होतं.
पण चौदा तास सलग कुणाचं राहतं?
माझ्याच दुकानात काळा चष्मा खिळ्याला टांगलेला,
एका टाक्यासाठी कोण घालतो म्हणून
मी नुसती मान वळवतो.
रात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत होतं,
बायको बटाट्याच्या चकत्या ठेवते पापण्यांवर,
काही बोलत नाही.
टोपाला झोप येत नव्हती.
टोपाला कुणी घाई कर म्हणत नव्हतं.
माणूस चुकेल तेव्हा मध्ये असायचं,
एवढीच त्याची मजुरी.

कापलेला तुकडा भंगारात पडून होता.
दिवाळीनंतर उलटा केला तर मागे स्टिकर,
पिवळं, पंजाबातून मशीनसोबत आलेलं:
"दूर रखें".
एवढंच. डावी कड जळालेली.
त्याच सांजेला भोयरांच्या खळ्यापर्यंत सायकल मारली.
ताडपत्री उचलली.
माझ्या कटाच्या काठावर, तोंडाला लागून,
उरलेला शब्द तसाच चिकटून होता:
"हाथ".

होळीच्या आसपास शालिक स्वतःच आला,
उजव्या बाहीला गाठ.
"दोन्ही बिरेक डाव्या हँडलले लावून दे ना दादा."
लावून दिले.
घंटी उजवीकडेच राहिली होती, त्याच्या ध्यानात नव्हतं,
तीही न विचारता हलवली.
तो स्टुलावर बसून पाहत होता. मग म्हणाला,
"माहंच ध्यान नोतं गा.
पेंढी वाकडी गेली, म्हटलं सरळ करू."
तुकडा त्याच्या पाठीमागे, भिंतीला टेकलेला.
मी पाना शोधू लागलो.
पाना हातातच होता.

"चाळीस झाले," म्हणालो.
त्यानं पाकीट दातांत धरलं, डाव्या हातानं नोटा काढल्या.
नको म्हणालो असतो
तर त्यानं विचारलं असतं, काहून?
मी घेतल्या.

आता तो तुकडा दाराशी टांगलाय.
काल एक पोरगा नवाकोरा हडंबा घेऊन आला,
सीटवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं ट्रॅक्टरच्या.
"काका, याचा टोप तेवढा."
मी तुकड्याकडे बोट दाखवलं.
शालिकचं नाव सांगितलं, माझंही.
त्यानं नीट ऐकलं, खरंच ऐकलं,
आणि म्हणाला,
"मी ध्यान ठेवतो ना काका."

ट्रॅक्टर वळवून तो फाट्यापलीकडच्या दुकानात गेला.
तिकडून ग्राइंडरचा आवाज आला.
फार वेळ नाही.
दहा मिनिटं.