दात खाणं

परभणीत, वसमत रोडला, दुसऱ्या मजल्यावर
खुर्ची मागं कलते, दिवा थेट तोंडात शिरतो.
डॉक्टर फरहाना छोटा आरसा आत फिरवतात
आणि थांबतात.
‘वय किती म्हणालात?’
तेहतीस.
‘दाढा साठीतल्या माणसाच्या आहेत.
झोपेत दात खाता का?’

लहानपणीही खायचो.
माय म्हणायची, जंत झालेत लेकराला.
वावडिंगाचा काढा, वर गुळाचा खडा,
आणि सकाळी बघायची, पडले का.
काही पडायचं नाही.
जे होतं ते पोटात नव्हतं.

ते शाळेमागच्या नळावर होतं,
जिथं सातवीतल्या पोरांनी माझी चाल चालून दाखवली
आणि मास्तरही हसले, खडूचा हात तोंडावर धरून.
तेव्हापासून मोजतो.
हात किती हलवायचे,
‘हो’ किती जाड म्हणायचं.
मोंढ्यात, बियाण्याच्या दुकानात
पिशव्यांच्या हिशोबाखाली दिवसभर हा दुसरा हिशोब.
संध्याकाळी दोन्ही जुळतात.
एक पैसा इकडंतिकडं नाही.

मुंजाजी नाव माझं.
गावात म्हणतात, नावाला जागला गडी,
पिंपळावर कधी जायलास राहायला?
मीही हसतो,
दात न दाखवता.

केरबाचं कुणी विचारलं नाही.
नांदेडातली त्याची खोली, गळका कूलर, एकच उशी.
घरमालक एवढंच म्हणाला,
‘फॅमिलीवाल्यांची वस्ती आहे ही.’
पंधरा दिवसांत केरबा पुण्याला,
आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याची पत्रिका
दुकानाच्या पत्त्यावर.
आहेर केला. मिक्सर.
त्या रात्री पहिला टवका उडाला,
सकाळी जिभेला लागला,
खडा समजून थुंकला.

आता दोनला जाग. तीनला जाग.
चारला शेजारची मोटर लागते
आणि वाटतं, दार वाजवायलेत.
कोण, ते कधी कळत नाही.
गावी गेलो की विहिरीच्या अंगानं जात नाही,
लांबून वळसा घालतो.
माय विचारते, कामून रे?
काटे आहेत म्हणतो तिकडं.

‘रात्री घालायला एक कव्हर करून देते,’
डॉक्टर लगदा कालवत म्हणतात,
‘पण हे दातांचं दुखणं नाही.
सिव्हिलला माझी मैत्रीण बसते, मंगळवारी, शुक्रवारी.
तिला सांगितलेलं खोलीबाहेर जात नाही.
चिठ्ठी देते. काय लिहू?’

मला बोलता येत नाही.
तोंडात गुलाबी साचा, हलायचं नाही दोन मिनिटं.
त्या दोन मिनिटांत
नळ, नांदेड, विहीर,
सगळं टाळूला चिकटून थिजत जातं.

साचा निघतो. चूळ भरतो.
‘लिहा,’ म्हणतो,
आणि आवाज जाड करायचा राहून जातो.

बाई वर बघत नाहीत.
पेनाचं टोपण काढलेलंच असतं.