राखीव

नऊ वर्षं मी दिगंबर मढवीची पाठ पाहिली.
चेहरा त्या काळातला धड आठवत नाही,
पाठ मात्र पाठ आहे:
एक नंबर, खालचा टाका उसवलेला,
आणि घामाचा नकाशा, हाफटाइमपर्यंत
कमरेला पोहोचणारा.

मी दोन नंबरचा गोलकीपर.
म्हणजे गोलमागे बसून बाहेर गेलेले बॉल आणणारा,
लिंबं कापणारा, पंपाने हवा भरणारा,
त्याचं एखादं बोट मोडावं म्हणून
नवस न बोललेला, पण बोलायच्या बेतात असलेला.

मोडलंही. करंगळी. रबाळ्याला,
चौथ्या डिव्हिजनच्या कुठल्याशा मॅचमध्ये.
मी बूट बांधायला घेतले,
तर त्यानं ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधली
आणि म्हणाला, "बस रं, काय नाय झाला."
आजही ती करंगळी बाहेर बघते,
वळण दाखवणाऱ्या पाटीसारखी.

आमची टीम रंगाच्या कंपनीची.
ठाणे-बेलापूर रस्त्याला, नाल्याच्या अलीकडे.
सोमवारी नाला निळा, गुरुवारी जांभळा,
आणि आम्ही बारमाही पिवळे, नखांच्या कडांना.
ग्लोव्ह्ज मागितले तर स्टोअरमधून आले
ॲसिड हाताळायचे रबरी हातमोजे, कोपरापर्यंतचे.
दिगंबरनं ते मनगटाशी कापले,
तळव्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले,
त्या हातांनी आम्हाला तिसऱ्या डिव्हिजनला नेलं.

दुसऱ्याला नेता नेता राहिलं.
परळला शेवटची मॅच, शेवटची दोन मिनिटं,
बरोबरी पुरे होती.
बॉलला जोर नव्हता. मी जाळीमागे होतो, माझ्याकडेच तर येत होता,
दळण आणायला पाठवलेल्या पोरासारखा रमतगमत.
त्याच्या दोन पायांमधून आत आला.
कुणी ओरडलंसुद्धा नाही.
तो वळला, वाकला, जाळीतून बॉल स्वतः काढला,
शर्टाला पुसला
आणि मधल्या वर्तुळापर्यंत चालत नेऊन ठेवला.
इतकं लांब चालताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

कंपनी बंद पडली. हिशेबात
प्रॉव्हिडंट फंड होता, ग्रॅच्युइटी अर्धी.
मी घणसोलीत हार्डवेअरचं दुकान टाकलं: नळ, बिजागऱ्या, कडी-कोयंडे.
तो कोच झाला. म्हणजे आधी नापास झाला.
तोंडी परीक्षेत साहेबानं इंग्रजीत विचारलं,
गोलकीपरनं अँगल कसा कमी करावा?
हा खुर्चीतून उठला, दोन पावलं पुढे आला,
हात जरा पसरले.
साहेबाला मागची खिडकी दिसेनाशी झाली.
पुढच्या वर्षी पास केलं. बहुधा साहेब तोच होता.

आता गोठिवलीला, हायटेन्शन तारांखाली,
चोवीस पोरं, चार पोरी, सात बॉल.
शटर उघडण्याआधी मी जाऊन बसतो. काम असं काही नसतं.
तारा गुणगुणत असतात.
पहिला महिना तो गोलकीपरच्या हाती बॉल देतच नाही,
पडायला शिकवतो:
"कोपरावर नाय. आधी मांडी, मंग कंबर, मंग खांदा.
भाताची गोण आडवी करतान ना, तशी."

गेल्या रविवारी ऐरोलीच्या पोरांशी सामना होता.
गोलमध्ये हर्षाली वास्कर, वय वर्षं बारा.
बॉल आला, हळूच. तोच.
दुकानाच्या गल्ल्यावर हात ठेवून सांगतो, तोच बॉल,
तिच्या पायांमधून गेला.
बचावातला एक पोरगा तो आणायला धावला,
तसा दिगंबर रेषेबाहेरून ओरडला,
"ऱ्हवं दे! तिला काढू दे!"

ती वळली. वाकली. जाळीत अडकलेला बॉल सोडवला.
पुसला-बिसला नाही,
अशी सणसणीत लाथ घातली
की तारांच्या सावल्या ओलांडत
तो थेट मधल्या वर्तुळात जाऊन पडला.

दिगंबर माझ्याकडे वळला.
"बघितलंस? मना तवा ह्या सुचलाच नाय."
तो हसत होता. पुढचा एक दात नाही त्याला,
हे मला माहीतच नव्हतं.
मग म्हणाला,
लिंबं आणलीस ना?