विन्कोव्त्सीची वखार

म्लादेननं तीन फळ्या भिंतीला टेकवल्या.
पहिलीवर सरळ रेघा, दुरेघी वहीसारख्या.
दुसरीवर डोंगरात डोंगर,
खोलीभर धावतील असे.
तिसरी त्यानं उलटी ठेवली.

येलित्सानं ती फिरवली.
गाठीभोवती काळानिळा डाग,
शाई सांडल्यासारखा.

"ती नको. आत लोखंड आहे, एक्क्याण्णवचं.
करवतीचे दोन दात गेले."

ओकानं ते बाहेर टाकलं नव्हतं.
वर्षाला एक,
भोवती वर्तुळं घालत राहिला होता.

तिनं डागावर तळवा ठेवला.
नवऱ्याच्या बरगडीखाली असंच काही आहे;
थंडीत ठसठसतं, तो बोलत नाही.

"स्वयंपाकघराला सरळ रेघा," ती म्हणाली,
"पुसायला बऱ्या.
ही पलंगाशेजारी.
डाव्या बाजूला. तो तिथं उतरतो."