सुटा पेला

तांडापेठेच्या वळणावर एक रांजण आहे.
वर फलक नाही, कुणाच्या स्मरणार्थ नाही.
नागपुरात अशी पाणपोई सापडणं कठीण.
इथे मेलेल्या माणसालाही उन्हाळाभर
स्वतःच्या नावाखाली उभं राहून पाणी वाटावं लागतं.

रांजण मोतीराम हेडाऊंचा.
म्हणजे त्यांचा नाही. ‘माहा नाही’ असं ते म्हणत
आणि पहाटे चारला, नळाच्या वेळेला, तो भरत.

मी तेव्हा वस्ती सुधार समितीचा सचिव.
काखेत पावतीपुस्तक, कार्बनचा निळा अंगठ्याला,
मागे दोन पोरं,
नुसती उभी राहिली तरी लोक पैसे काढत.
हेडाऊंच्या नावाचं पान सात वर्षं कोरं राहिलं.
‘गरज सांग, देतो. हक्क सांगशीन त नाही.’
मिल बंद झाली तेव्हा
मालकाच्या कागदावर त्यांनी सही केली नाही,
युनियनच्याही नाही.
हिशेबाचे पैसे सगळ्यांत शेवटी मिळाले. बोलले नाहीत.
मतदानाच्या दिवशी दारात बसून
कूलरच्या जाळीत वाळा भरत, बोट कोरं.

एकदा मी विचारलं, काका, सगळेच असे वागले तर?
नाली कोण काढेल?
त्यांनी हात झटकले, वाळ्याचा वास उडाला.
‘सगळेच असे वागले त
तुले पावती फाडाची गरज काहून पडन बे?’

उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं.
म्हणजे उत्तर नाही, बोकडे सुचला.
रात्री अकराला रांजणाच्या पाण्यानं स्कूटर धुणारा बोकडे.
त्याचं काय करायचं तुमच्या राज्यात?
दुसऱ्या दिवशी तेही विचारलं.
‘राज्य कुठी हाये?’ म्हणाले, आणि पुन्हा वाळा.

आणि तो पेला.
शहरभर पाणपोयांवर पेला साखळीनं बांधलेला असतो,
साखळी वीतभर,
म्हणून तहानलेल्यालाच वाकावं लागतं पेल्याकडे.
हेडाऊंचा पेला सुटा.
चोरीला जायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा.
मी मोजले, मोजणं हाडात मुरलेलं: चौदा.
त्यातला नववा भंगारवाल्याकडे सापडला,
तोच त्यांनी परत विकत घेतला, घासाघीस करून.

मग तो मे आला. सेहेचाळीस पूर्णांक काहीतरी.
हेडाऊ मेयोत, सलाइनला.
मी सभा बोलावली. अकरा जण आले.
पाळ्यांचा तक्ता झाला, ठराव एकमतानं, चहा झाला.
रांजण कोरडा.
तिसऱ्या दुपारी एका रिक्षावाल्यानं झाकण उचललं,
आत पाहिलं, आणि हळूच परत ठेवलं,
आत कुणी झोपलंय असं समजून जणू.

त्या रात्री मला झोप नव्हती.
तक्त्यात माझी पाळी शुक्रवारी, आणि होता बुधवार.
पहाटे चारला बादली घेऊन गेलो
तर पाण्याचा आवाज आधीच येत होता.
बोकडे.
हातात तोच पाइप, स्कूटर नव्हती.
चोरी पकडली जावी तसा त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मीही तसंच पाहिलं असणार.
माझी बादली आम्ही त्यातच ओतली, न बोलता.
कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.
मग ते कर्ज होतं की मर्जी,
हे मला आज, साठीतही, नीट सांगता येत नाही.

हेडाऊ परतले, गालफडं बसलेली.
‘कोनं भरला?’
कुणी नाही, आम्ही म्हणालो.
‘बरं झालं,’ म्हणाले, आणि पंधरावा पेला ठेवला.

मी त्यांच्यासारखा झालो नाही.
पावतीपुस्तक सोडलं नाही,
नालीच्या पंपाला अठरा हजार लागतात,
ते पहाटे चारला नळातून येत नाहीत.
वर्गणी न देणाऱ्यांवर अजूनही चिडतो.

फक्त एक नोंद राहिली.
पहिल्याच वर्षी मी इतवारीतून साखळी आणली होती,
त्या पेल्यासाठी. समितीच्या खर्चात दाखवली आहे,
बारा रुपये, किरकोळ.
ती अजून माझ्या खणात आहे.
पेन शोधताना कधी हाताला लागते, गार,
आणि उगाच तहान लागते.