हातानं घट्ट

अकरा व्हॉल्व्ह वाकलेत.
बाकावर वर्तमानपत्र पसरून ओळीनं मांडलेत मी,
लग्नाच्या पंगतीत वाइन चढलेले पाहुणे बसावेत तसे,
कुणी कलंडलेला, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर.
उरलेले पाच सरळ आहेत.
त्यांच्याकडे बघवत नाही.

वाखो विचारतो, काका, ठोकून सरळ नाही होणार?
अठरा वर्षांचा आहे.
होईल रे, दिसायला होईल,
आणि कुठल्यातरी चढावर मान मोडून
सिलिंडरात पडेल.

सगळ्या कुताइसीत बेल्टचीच चूक.
शेजारचा टायरवाला म्हणतो, हल्ली माल कसला येतो.
त्सिआला स्वतःच म्हणाली:
त्किबुलीचा चढ, भर ऊन, मागे चीजचे चाळीस गोळे,
एकदम खडखड झाली आणि मग काहीच नाही.
नोदार, बेल्टच फसवा निघाला असणार.
मी मान हलवली.
खापर फोडायला बेल्ट बरा,
त्याला तोंड नसतं.

तो बेल्ट खिळ्याला टांगलाय.
तुटलेला नाही. एक दात झिजलेला नाही.
घसरला,
कारण टेन्शनरचा बोल्ट मी हातानं घट्ट केला होता,
नुसत्या हातानं,
पाना उचलणार तेवढ्यात फोन वाजला.
पोलंडहून रेझो.
बाबा, यंदाही द्राक्षांच्या तोडणीला जमणार नाही.
मागे एक बाई पोलिशमध्ये हसत होती
आणि मी बरं म्हणालो, बरं, बरं,
आणि फोन खिशात टाकून कव्हर बसवलं.
बारा दिवस तो बोल्ट रस्त्यावर होता,
रोज रेघभर सैल होत.

व्हॉल्व्ह घासायची काठी असते, टोकाला रबरी वाटी.
दोन तळव्यांत धरून फिरवायची,
ताकात रवी फिरते तशी.
पेस्ट आधी करकरते, मग कुजबुजते, मग गप्प.
गप्प झाली की उचलून बघायचं:
सीटवर राखाडी कडं, सलग,
चंद्राला पडलेल्या खळ्यासारखं.
अकरा नवे घासले, मग ते पाचही.
हेड उलटं करून पेट्रोल ओतलं
आणि सिगारेट न पेटवता अर्धा तास बसून राहिलो.
सहाव्यातून एक थेंब.
पुन्हा रवी.

हेडचे दहा बोल्ट मधून बाहेर कसायचे,
गोगलगाईच्या पाठीवरच्या वळशानं.
आधी पंचवीस, मग नव्वद अंश, पुन्हा नव्वद.
चौथ्या बोल्टला मांडीवर खिसा थरथरला.
रेझोच असणार, रविवार होता.
वाजू दिला.
पाना अर्ध्या वळणात होता.

टेन्शनर मी तीनदा तपासला.
चौथ्यांदा वाखोला तपासायला लावला,
तो का म्हणाला नाही.

चावी लावण्याआधी क्रँक हातानं फिरवायचा, पुरे दोन फेरे,
आणि कुठं अडला तर जोर करायचा नाही.
किती पोरांना शिकवलंय हे.
स्वतः फिरवताना
पोटात एक एक दात मोजत होतो.
अडला नाही.

त्सिआला आली ती पाकीट उघडूनच.
किती?
मी तिच्या हातावर एक वाकडा व्हॉल्व्ह ठेवला.
बेल्ट चांगला होता, म्हटलं.
बोल्ट मी सोडला.
तिनं व्हॉल्व्ह उलटसुलट करून पाहिला,
बाजारात किडकी शेंग बघतात तसा.
चीज सगळं नासलं माझं, म्हणाली.
माहीत आहे.
पाकीट मिटलं.
बस गाडीत. त्किबुलीपर्यंत.
बंद पडली तर तूही चालशील.

आता चढ लागलाय.
तिनं रेडिओ लावलाय, चांगला मोठ्यानं,
आणि बंद कर म्हणायची आज माझी टाप नाही.
बूट काढून
तळपाय पत्र्यावर टेकवून ऐकतो आहे.
वर पोचलो की रेझोला फोन लावतो.
आधी हे वळण.